पट्टीवरचा पत्ता

मी तशी तिरसट बाई. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जातं. बीडला विद्यापीठाचा एक विस्तार विभाग होता, तिथं मी नोकरीची सगळी वर्षं काढली. विस्तार म्हणजे गावोगाव जाऊन व्याख्यानं द्यायची, माती तपासायची शिबिरं भरवायची, वाचनालयांना पुस्तकं पोचवायची. या सगळ्याची खबर लोकांना लागावी म्हणून दर तीन महिन्यांनी आठ पानांचं वार्तापत्र निघायचं आणि ते काढायचं काम माझ्या गळ्यात होतं. काढायचं म्हणजे सगळंच. लोकांच्या मागं लागून मजकूर मिळवायचा, छापखान्यात बसून प्रुफं तपासायची, अंक आले की घड्या घालायच्या, घडीवर कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची, पट्टीवर पत्ता लिहायचा आणि गठ्ठे रिक्षात घालून पोस्टात न्यायचे.

पत्ते मी स्वतः लिहायचे. शिपायाचं अक्षर त्याचं त्याला लागायचं नाही, तर पोस्टमनला काय लागणार! तीन-चारशे पत्ते लिहून बोट सुजायचं, खळीनं पदर खरकटा व्हायचा आणि मी विभागभर ऐकू जाईल असं बोलायचे, की मी इथं शिकवायला आले का हमाली करायला. हे वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं.

पण खरं सांगायचं तर ते पत्ते म्हणजेच माझा गोतावळा होता. लग्न केलं नाही. दोन खोल्या भाड्याच्या, एका माणसाच्या दोन भाकरी, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द फुटायचा नाही. पत्त्यांतली बहुतेक माणसं मी कधी पाहिली नव्हती, पण कोण कुठल्या वेशीजवळ राहतो, कुणाच्या घरासमोर मारुती आहे, हे मला माहीत होतं. बीडजवळच्या पालीचे एक निवृत्त गुरुजी प्रत्येक अंकातल्या चुकांना लाल शाईनं गोल करून तो अंक मला परत पाठवायचे. माझं डोकंच फिरायचं. आणि एखाद्या वेळी त्यांचा अंक यायला उशीर झाला, की मी रोज टपालात तोच शोधायचे.

काही अंक पोस्टातूनही परत यायचे. पोस्टमननं पट्टीवर पेन्सिलीनं शेरा मारलेला असायचा. 'गाव सोडले.' 'घेण्यास नकार.' 'मयत.' मग मी पत्त्यांची वही काढून ते नाव खोडायचे.

त्याच वहीत 'द' अक्षराखाली, अगदी शेवटी, माझ्या वडिलांचं नाव होतं. अण्णांचं दिंद्रुडला किराणा दुकान. त्यांचा आमच्या विभागाशी कसलाही संबंध नव्हता. ते नाव मी घातलं होतं, आणि रागानं घातलं होतं.

त्याचं असं झालं. आईला दम्याचा त्रास होता. माजलगावच्या दवाखान्यात तिला न्यायचे आणि दोन दिवसांनी परत आणायचे, असं चार-पाच वेळा झालं होतं. एका दुपारी मी छापखान्यात असताना शिपाई सायकलवर निरोप घेऊन आला, आईला माजलगावला नेलंय, लगेच बोलावलंय. शेवटची दोन पानं तपासायची राहिली होती. छापखानेवाला मशीन थांबवून बसला होता. मी म्हणाले, फोनवर कळव, अंकाचं एवढं झालं की निघते. एवढं व्हायला दोन तास लागले. माजलगावला उतरले तेव्हा दवाखान्यातली खाट रिकामी होती, आणि तिथून दिंद्रुडला पोचले तेव्हा आमच्या ओट्यावर माणसं जमलेली होती. आई गेली होती. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं,

"अंक निघाला का?"

रागावून नाही विचारलं. रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तेरावं झालं आणि मी बीडला आले. पंधरा दिवसांनी छापलेले अंक हातात पडले. सगळ्या पट्ट्या लिहून झाल्यावर मी एक जास्तीची पट्टी घेतली. मुलीनं बापाला लिहिताना 'ती.' लिहावं, मी 'श्री.' लिहिलं, कुठल्याही परक्या माणसाला लिहावं तसं. पुढं त्यांचं पूर्ण नाव, किराणा दुकान, मुक्काम पोस्ट दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. घ्या, निघाला अंक. असं मनात म्हणत मी ती पट्टी चिकटवली.

सहा वर्षं आम्ही बोललो नाही. पहिलं वर्ष रागात गेलं. नंतर राग कुठं विरून गेला कुणास ठाऊक, पण इतक्या दिवसांनी जायचं कसं आणि गेल्यावर बोलायचं काय, हेच कळेना. अण्णांनीही बोलावलं नाही. ते तिकडं एकटे, मी इकडं एकटी, आणि मध्ये तीन महिन्यांनी एकदा ती पट्टी. अंक पोस्टात टाकले की पुढचे पंधरा दिवस मी परत आलेल्या टपालात दिंद्रुडचा शिक्का शोधायचे. 'घेण्यास नकार' असा शेरा कधी आला नाही. म्हणजे ते घेत होते. वाचत नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. किराणा दुकानदार चांगल्या कागदाची आठ पानं वाचत बसत नसतो, पुड्या बांधतो. माझ्या संपादकीयात पावशेर मिरची जात असेल, असं मनात येऊन मी एकटीच हसायचे. पण ते हयात आहेत आणि माझ्या हातचं काहीतरी त्यांच्या हातात पडतंय, एवढं मला पुरत होतं. दुसरं माझ्याजवळ काही नव्हतंच.

ती वर्षं अशी होती, की कुठलंही भाषण 'जागतिकीकरण' या शब्दाशिवाय सुरू व्हायचं नाही. बीडच्या स्टँडजवळ आधी एसटीडीचे बूथ झाले, मग कम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, मग पडदे लावलेला एक सायबर कॅफे निघाला. आमच्याकडं नवे विभागप्रमुख आले. माझ्यापेक्षा वयानं लहान, माणूस सज्जन, 'मॅडम' म्हटल्याशिवाय बोलायचे नाहीत. एक दिवस त्यांनी बैठक घेतली आणि सांगितलं, की वरून पत्र आलंय, यापुढं वार्तापत्र छापायचं नाही, टपाल नाही, सगळं वेबसाइटवर. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, मॅडम, सगळ्यात जास्त त्रास तर तुमचाच वाचणार! सगळे हसले. इतकी वर्षं मीच हमाली-हमाली म्हणून ओरडत होते, आता कुठल्या तोंडानं नको म्हणू? भर बैठकीत काय सांगायचं, की 'द' अक्षराखाली माझा बाप आहे? मी इतिवृत्तावर सही केली.

प्रमुखांचं मन मोठं, ते म्हणाले, ज्यांना छापील अंकच हवा असेल त्यांची गैरसोय नको, आपण विचारू. निवेदन मीच लिहिलं. छापील अंक हवा असल्यास महिन्याभरात विभागाला कळवावे. आणि हे निवेदन आम्ही कुठं टाकलं? वेबसाइटवर! ज्या माणसांनी कम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांना कम्प्युटरवरून विचारलं, की बाबांनो, कागद हवाय का. खोलीत सात शिकलेली माणसं, एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. महिना गेला, एकही पत्र आलं नाही. प्रमुखांनी इतिवृत्तात घालायला सांगितलं, छापील अंकास मागणी नाही. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला. तेव्हा बोलायला हवं होतं. पण निवेदन माझ्याच हातचं, आणि स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की माझी वाचाच बसते. मी वाक्य पूर्ण केलं.

पहिला ऑनलाइन अंक निघाल्यावर काही दिवसांनी पालीचे गुरुजी स्वतः विभागात आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. बारीक अंगाचे, काखेत छत्री. अंक काहून बंद केला, असं त्यांनी मला विचारलं. प्रमुखांनी त्यांना मानानं खुर्ची दिली, कम्प्युटर लावला. फोनची लाइन बराच वेळ किरकिरली आणि पान उघडलं. पण मशीन नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं, त्यात मराठी अक्षरांची सोय परत घालायची राहिली होती. मजकुराच्या जागी नुसते चौकोन आणि इंग्रजी चिन्हं. गुरुजींनी चष्मा पुसून परत लावला, बराच वेळ पाहिलं आणि हळूच मला विचारलं,

"यातल्या चुका कशा काढायच्या, बाई?"

चहा घेऊन ते गेले. परत आले नाहीत.

त्या पानाच्या तळाशी एक आकडा दिसायचा, आतापर्यंत किती जणांनी पान पाहिलं त्याचा. मी रोज सकाळी आल्या आल्या तो बघायचे. कालच्यापेक्षा एकानं वाढलेला असायचा आणि तो एक म्हणजे मीच. अंकाचं काम आता दोन दिवसांत उरकायचं. खळ नाही, घड्या नाहीत, बोट सुजणं नाही. परत येणारं टपालही नाही. कोण गाव सोडून गेलं, कोण मेलं, काही कळायचं नाही. मी रिकाम्या हातांनी लवकर घरी जायचे आणि इतक्या लवकर घरी येऊन करायचं काय, म्हणून भांडी पुन्हा घासायचे.

असे दोन अंक निघाले. अण्णांना साधं पत्र लिहावं म्हणून मी आंतर्देशीय घेऊन बसले होते, नाही असं नाही. पण मायना घालायचा काय? 'श्री.' आता लिहवेना आणि 'तीर्थरूप' लिहायला हात धजेना. ते कोरं पत्र तसंच उशीखाली राहिलं.

मग एक दिवस विभागाच्या टपालात पोस्टकार्ड आलं. मोठमोठी, एकमेकांपासून फटकून उभी असलेली अक्षरं. मी लांबूनच ओळखली. अण्णांची शाळा निजामाच्या काळात उर्दूतून झालेली, मराठी लिपी त्यांनी नंतर दुकानापुरती शिकून घेतली होती. चिरंजीव, पुढं माझं नाव, अनेक उत्तम आशीर्वाद. दोन अंक आले न्हाईत. तब्येत बरी हाय का. कळव. खाली सही उर्दूत.

मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. शिपायानं विचारलं, बाई, काय झालं? मी त्याच्यावरच खेकसले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं दिंद्रुड गाठलं.

अण्णा फार थकले होते. एका बाईला साबुदाणा तोलून देत होते. मी दारात दिसले, तरी आधी त्यांनी तोलणं पुरं केलं, पुडी बांधली, दोरा तोडला, तिच्या हातात दिली. मग मला म्हणाले, बस. मी शेंगदाण्याच्या पोत्यावर बसले. पुडीचा कागद मी बघितला होता. आमचाच होता, पान तीन. माझा अंदाज काही चुकलेला नव्हता.

मग माझी नजर तराजूच्या मागं गेली. तिथं तारेचे दोन आकडे लोंबत होते. एकात गिऱ्हाइकांच्या सामानाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या. दुसऱ्यात नुसत्या पट्ट्या. अंकावरची प्रत्येक पट्टी चिकटवल्या जागी ब्लेडनं सोडवून, सरळ करून एकावर एक खोचलेली. सगळ्यांवर एकच नाव, एकच पत्ता, माझ्या अक्षरात. मी उठून सगळ्यात खालची पाहिली. तिच्यावरचं 'श्री.' मी इतकं दाबून लिहिलं होतं की कागद फाटला होता.

आतलं मला काय समजतंय, असं अण्णा म्हणाले, पुड्यांना मात्र कागद लई चांगला हाय. मला राग आला नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, की अंक बंद नाही पडला, आता तो कम्प्युटरवर निघतो, जगात कुणालाही, कुठंही बसून वाचता येतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याच्यावर पत्ता कोण लिहितं?"

"कुणीच नाही, अण्णा. त्याला पत्ता लागतच नाही."

"मग मला कसं कळावं," ते म्हणाले, "तू हायस का न्हाई ते?"

मला रडू फुटलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून मी फळीकडं तोंड करून उभी राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर, तोंड तिकडंच ठेवून म्हणाले, त्या दिवशी मी लगेच निघायला हवं होतं. माझं म्हणणं त्यांना ऐकू गेलं का नाही, हे मला कधी कळलं नाही. वजनं जागेवर लावून त्यांनी विचारलं, चहा ठेवतीस का? मी आत जाऊन चहा केला. आईची साखरेची बरणी होती तिथंच होती. दुपारच्या गाडीनं मी परत आले.

त्यानंतर अधूनमधून जात राहिले, पण बोलणं आम्हा दोघांना कधी जमलंच नाही. पोत्यावर बसायचं, चहा करायचा, निघायचं. पुढचा अंक मी वेबसाइटवर चढवला, त्याच दिवशी पोस्टातून एक कार्ड आणलं. पत्ता आधी लिहिला, सावकाश, चांगल्या अक्षरात, 'ती.' घालून. मग कार्ड उलटून लिहिलं. तीर्थरूप अण्णांस, शिरसाष्टांग नमस्कार. अंक निघाला. मी बरी आहे.

दर तीन महिन्यांनी मी तेवढंच लिहीत राहिले. अण्णा त्यानंतर चार वर्षं होते. उत्तर एकदाही आलं नाही. एकही कार्ड परत आलं नाही.