नऊ सवाष्णींनी भरलेली हवा

आता काय सांगू तुम्हाला, देवीला नवस बोलताना टायरचा विचार कोण करतं हो? मी तर नव्हताच केला!

अंबडच्या कारखान्यात ह्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला होता. पट्टी सुटेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सप्तशृंगीला हात जोडले, "आई, ह्यांना पूर्वीसारखं दिसू दे. माझ्यासकट नऊ सवाष्णी घेऊन दुपारच्या आरतीला गडावर येईन." आईनं ऐकलं. पट्टी सुटली आणि ह्यांना पहिलं काय दिसलं? माझ्या साडीवरचा डाग!

मग मी गेले देवळ्याला, माहेरी. वहिनी धरून आम्ही नऊ जणी जमलो. किसनदादाची कांद्याची ट्रॉली होती, टायर नवेकोरे. दादानं पहाटेच हवा मोजून भरली आणि तो अंघोळीला गेला. मी म्हटलं, पूजा नको का? दोन्ही टायरांना बोटभर जाड हळदीकुंकू लावलं. त्यांवर काही आकडे-अक्षरं होती. मला वाटलं, कंपनीची जाहिरात असेल. झाकली!

शेजारीच हवेचा हातपंप पडलेला. वहिनी म्हणाली, "शालू, ट्रॉली देवीच्या दारी चालली. हिची ओटी नको भरायला?"

झालं! ओटी म्हणजे पाच ओंजळी, म्हणून प्रत्येकीनं पाच वेळा पंप मारायचा. नऊ जणी, दोन चाकं! शेवटी पंप खाली जाईना, तर तिघी-तिघी लोंबकळल्या. एकीनं तर उखाणासुद्धा घेतला.

निघालो. खड्डा आला की आम्ही नऊच्या नऊ हवेत, आणि खाली येताना जागा बदललेल्या! तरी मी आपली ओरडतेय, "दादा, पळव ना रे, आरती चुकेल!"

घाटाच्या अलीकडे दादाला काय वाटलं कोण जाणे. ट्रॅक्टरवरून उतरला, ट्रॉलीच्या टायरला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"तवा झालाय गं! अन् दगडासारखा टणक! वरून हवा कोनी भरली यात?"

"आम्ही सगळ्यांनी," मी लाजत म्हणाले. "पाच-पाच."

दादानं कपाळाला हात लावला. मग ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. "वाच. हा हवेचा आकडा, याच्या वर जायाचं नाय. अन् मोजायची ती टायर गार असताना. पळून तापला का आतली हवा आपसूक वाढती. अन् हे अक्षर वेगाचं. ट्रॉलीचा टायर हाय हा, चाळीसच्या वर नाय पळवायचा. मी पन येडा, तुझं ऐकलं! घाटात फुटला असता तर?"

मी वळून सगळ्यांकडे पाहिलं. नऊ घरच्या लेकी-सुना, माझ्या एका नवसापायी!

"मग सोड ना हवा आत्ताच!"

"तापलेल्या टायरचा आकडा खरा नसतो, बाई. गार होऊ दे."

बसलो आंब्याखाली. आरतीची वेळ आली आणि गेली. मला रडूच फुटलं.

"रडती काय!" वहिनी म्हणाली. "देवी काय गड सोडून चालली? म्हण हितूनच!"

गडाकडे तोंड करून नऊ जणींनी आरती म्हटली. टायर निवल्यावर दादानं मोजून हवा सोडली. मग बैलगाडीच्या चालीनं का होईना, उन्हं कलताना सगळ्या सुखरूप पोहोचलो. ओट्या भरल्या.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. तर हे म्हणाले, "देवीनं डोळे माझे बरे केले खरे. पण गरज तुला जास्त होती!"

तेव्हापासून माझ्या पूजेच्या ताटात निरांजनाशेजारी हवा मोजायचं मीटर असतं. हसा खुशाल! पण एवढं माझं ऐका, तुम्हीही हा नेम धरा. निघण्याआधी, टायर गार असताना, आकडा वाचा आणि हवा मोजा. कुंकू मग लावा. आणि तेही, बाई गं, आकडा सोडून!