दुसऱ्या डेस्कटॉपवरची गाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारी बाई मी. आमच्या घरात ना देव्हारा, ना अंगारा. तरी हे लिहितेय... कारण जे झालं ते भरदुपारी झालं, आणि मी एकटी नव्हते.

लोहाऱ्यात तहसीलच्या रस्त्याला आमचं टायपिंगचं दुकान आहे. आमचे हे होते तेव्हा त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर एक हलका डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरची सगळी मांडणी, टाकला होता. खाली राखाडी पट्टी, कोपऱ्यात मेनू, बस्स! क्लिक केलं की उघडायचं. त्यात डेस्कटॉप दोन. रिकाम्या जागी माऊसचं चाक फिरलं की समोरचं सगळं गायब! पहिल्यांदा मी बोंबललेच, "अहो, गिऱ्हाइकाचं काम गेलं!" हे हसत सुटले. "गेलं न्हाय, तूच दुसऱ्यावर गेलीस. तिथं गाणी हायत."

गाणी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते. चौदा एप्रिलला, जयंतीला, ते स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. मामा अंगठाबहाद्दर, सगळं तोंडपाठ. ते सांगायचे, हे टाइप करायचे.

गेल्या साली हे ॲटॅकनं गेले. त्या धक्क्यानं मामांना विसर पडला... गाणी सोडाच, जेवलेलंही आठवेना. त्यात तो डेस्कटॉप बनवणाऱ्यांनीच बंद केला, म्हणून मेकॅनिकनं नवा टाकला — सगळं पुसून! गाण्यांची एकुलती एक फाइल गेली. मी त्याला इतकं झाडलं की बिचारा चहा न पिता गेला. नवा दिसायला गुळगुळीत, पण खिडकी उघडायला नव्या नवरीसारखा वेळ लावतो. ती राखाडी पट्टी आठवून मला रडू यायचं. माणसासाठी रडतेय की पट्टीसाठी, माझं मलाच कळत नव्हतं.

त्या दुपारी मामा दुकानात शेजारी बसले होते. मी सवयीनं चाक फिरवलं. नव्यात त्यानं काहीच होत नाही. पण झालं! समोर राखाडी पट्टी... आणि गाण्यांची फाइल उघडी.

फाइल उतरवून घ्यावी म्हणून पेन ड्राइव्ह लावायला गेले, तर मामांनी मनगट धरलं. "हात लावू नगं." मग स्क्रीनकडं बघत म्हणाले, "बाळू, पहिल्यापासनं घे."

बाळू म्हणजे आमचे हे.

फाइल पहिल्या पानावर गेली. माऊसवर कुणाचाच हात नव्हता. मामा गायला लागले, शब्द न् शब्द! पान त्यांच्याबरोबर खाली सरकत होतं. तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला. फाइल नाही तर निदान आवाज तरी राहील, म्हणून मी मोबाइलचं रेकॉर्डिंग लावलं. मामा, थांबू नका हो! एवढंच मनात. शेवटचं कडवं संपलं आणि स्क्रीन काळी झाली.

लाइट आल्यावर परत तोच गुळगुळीत नवा डेस्कटॉप. चाक फिरवून बोट दुखलं. मेकॅनिकनं सगळं धुंडाळलं. "ताई, जुनं काहीच न्हाय इथं." मामांना विचारलं तर म्हणाले, "कसली गाणी?"

रेकॉर्डिंग मात्र आहे. त्यावरून मी गाणी परत टाइप केली. पण कडवं संपून मामा दम घेतात ना, तेव्हा एक आवाज हळूच म्हणतो, "हं, पुढं." दुकानात आम्ही दोघंच होतो. शेजारच्या दुकानातला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. कुणाला बोलले नाही. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मामांची गाणी म्हणून नुसतं ऐकवलं. त्या भाकरी थापत होत्या. "हं, पुढं" आलं आणि हात थांबला.

"आवाज लई बसलाय गं त्याचा," आत्या म्हणाल्या. "जेवला का त्यो?"

ते काय होतं, मला आजवर उमगलेलं नाही. आत्यांसाठी मात्र मी रेकॉर्डिंग परत पहिल्यापासून लावलं.