शेपूट नसलेला बैल

माझी पहिली नेमणूक तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मी अमरावतीची. वर्ग मिळाला दुसरीचा. पोरं गोड होती, पण एकदा बोलायला लागली की थांबायची नाहीत. दुपारची खिचडी पोटात गेली की वर्गात बाजारच भरायचा. मी "शांत बसा" म्हटलं की सगळे एकमेकांना "शांत बसा" सांगत सुटायचे आणि गोंगाट दुप्पट व्हायचा.

अकोल्याच्या प्रशिक्षणात एक युक्ती शिकवली होती. बाईंनी दोन टाळ्या वाजवायच्या, मुलांनी तीन वाजवून गप्प व्हायचं. आमच्या वर्गाला टाळ्या फार आवडल्या. गप्प व्हायचं तेवढं राहून जायचं. शेवटी शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन विचारून गेले, "काय मॅडम, कोनाचा सत्कार हाय का?"

एके दुपारी माझा घसा पार बसला होता. ओरडायची सोय नव्हती. मी पोरांकडे पाठ केली आणि धड्यातला बैल फळ्यावर काढायला घेतला. खडूचा आवाज ऐकून मागची कुजबुज जरा कमी झाली. बैल झाला तेव्हा पुढच्याच ओळीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बैलाले शेपूट नाई."

खरंच नव्हतं. मी विसरले होते.

"कुठे काढू?" मी बसक्या आवाजात विचारलं. ते ऐकायला सगळा वर्ग गप्प झाला. मग एकेक जण सांगू लागला. इथं नाई, वर. लय जाड झालं. खाली गोंडा पायजे. घरोघरी बैल असलेली पोरं ती, त्यांना कोण फसवणार? मी खडू त्या मुलीच्याच हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम विसरू लागले. पायडल नसलेली सायकल, काटे नसलेलं घड्याळ, मिशा नसलेली मांजर. खडू उचलला की डोळे फळ्यावर. काय राहिलं ते सापडलं की लगेच धडा सुरू.

पुढे एकदा केंद्रप्रमुख वर्ग बघायला आले. मागे खुर्चीवर बसले, तर पोरं त्यांना आपल्या शेळीला पिल्लं झाल्याचं सांगायला लागली. ते "शांत बसा" म्हणाले आणि व्हायचं तेच झालं. मी खडू घेतला आणि एसटी काढली.

वर्ग चिडीचूप. चाकं होती, खिडक्या होत्या, ड्रायव्हरही होता. कोणालाच काही सापडेना. तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला, "मॅडम, लोक चढतील कुठून?"

दार राहिलं होतं.

एक पोरगा मागे वळून नाराजीनं म्हणाला, "सर, तुमी कावून सांगतलं? आमी सांगनारच होतो."

"चुकलं बाबा माहं," साहेब म्हणाले. पोरांनी त्यांना दार काढायला फळ्यापाशी नेलं. ते फार बुटकं झालं, म्हणून पुसून पुन्हा काढायला लावलं.

निघताना मोटारसायकलला किक मारता मारता ते थांबले. "उद्या काय काढता?"

"अजून ठरवलं नाही, सर."

"म्हैस काढा. शिंगं सोडून."

साहेबांनी सांगितलीय, असं पोरांना सांगून मी काढली. पोरांनी म्हैस पुरी व्हायच्या आत शिंगं सांगितली आणि, साहेबांची म्हैस लयच सोपी होती, असं एकमतानं ठरवून टाकलं.