बाटलीतलं माझं रक्त

भूतखेत, करणी, अंगात येणं… यातलं मी कधी काही मानलं नाही, आजही मानत नाही. वसमतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी फिटर होतो. इंजिन बंद पडलं की कुठला तरी पार्ट बिघडलेला असतो आणि तो शोधायचा असतो, एवढंच मला कळतं. हा एक बिघाड मात्र मला अजून सापडलेला नाही.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आपल्याकडे अजून निजामाचं राज्य होतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या पोटात गाठ निघाली. हिंगोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर लष्करातून परतलेले. रक्त लागेल म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच माझ्या डाव्या हातातून बाटलीभर काढलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आक्काची सासू व्हरांड्यात बसलो होतो. ऊन असं की फरशीवर पाय ठेववेना. आणि एकदम मला हुडहुडी भरली… सुरुवात डाव्या हातापासून, सुई टोचली होती तिथून. दात वाजायला लागले. डोक्यात एकच गोष्ट — ते रक्त आक्काला द्यायचं नाही. कुठून आली, माहीत नाही.

मी सरळ ऑपरेशनच्या खोलीत घुसलो. गाठ काढून झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. बाटली टांगलेली, डॉक्टर सुई टोचायच्या बेतात.

"साहेब, ती बाटली लावू नका."

"तुला हिवताप आलाय. बाहेर हो."

"न्हाई जात. आदी बाटली बघा."

मी आक्काच्या दंडावर हात आडवा धरला. वैतागून त्यांनी बाटली उजेडात नेली. बुचाच्या कडेला पिवळं काही चिकटलं होतं.

मागून आलेली सासू म्हणाली, "मीच बूच काढून चिमूटभर भंडारा टाकला, काल सांजच्याला. सून घरात घेताना लावतोच की आमी. हे तिच्या म्हायेरचं रगत… आपल्या खंडोबाच्या वळखीचं नको व्हाया?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "यात जंतू वाढले असतील. हे अंगात गेलं असतं तर पोरगी हातची गेली असती." त्यांनी बाटली मोरीत ओतली. रक्त वाहून गेलं आणि माझी थंडी थांबली. थर्मामीटर लावलं, ताप नव्हता.

आक्काचा रक्तस्राव चालूच होता.

"उजव्या हातातून घ्या," मी म्हणालो.

"कालच दिलंयस. घेरी येईल."

"येऊ द्या. आक्का जाया नको."

शेवटी घेतलं त्यांनी. मला घेरी आलीच, पण आक्का वाचली. सासूनं नंतर तिची सेवा इतकी केली की माझा राग टिकला नाही.

जंतूंचं डॉक्टरांनी समजावलं, ते मला पटलं. पण रक्त बाटलीत नासलं तर थंडी मला का वाजावी? हिवताप म्हणावा, तर तो नंतर कधी आला नाही.

आक्का म्हणायची, "तुजं रगत तुला सांगाया आलं."

"असलं काही नसतं, आक्का."

"मग काय व्हतं?" ती विचारायची, आणि मी डाव्या हातावरची सुई टोचली होती ती जागा चोळत बसायचो.