उजवं पायडल

आमच्या आबांची मोटार घाट उलटा चढायची. ही चेष्टा नाही. साताऱ्याहून वडूजकडे येताना वर्धनगडचा घाट लागतो. त्याच्या पायथ्याला आबा, म्हणजे माझे वडील, गाडी थांबवायचे, उतारूंना म्हणायचे, "धरून बसा," आणि गाडी वळवून तिची पाठ चढाकडे करायचे. मग मान मागं वळवून ती अख्खी मोटार मागच्या मागं घाटावर न्यायचे. उतारूंची तोंडं खालच्या रस्त्याकडे. नवा उतारू असला तर देवाचं नाव घ्यायचा, जुना असला तर त्याच्याकडे बघून हसायचा.

त्यात जादू काही नव्हती. गाडी अमेरिकेत झालेली, वयानं माझ्याहून थोडीच लहान. तिची पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि तिथून पेट्रोल इंजिनाकडे जायचं ते नुसत्या उतारानं, पाटाचं पाणी जातं तसं. मोठा चढ लागला की इंजिन वर आणि टाकी खाली व्हायची, पेट्रोल पोचायचं नाही आणि गाडी गचके देऊन बंद पडायची. उलटी चढवली की टाकी वर राहायची. शिवाय मागं जायच्या गिअरला ताकद जास्त. घाटमाथ्यावर चहाचं दुकान होतं. शेवटच्या वळणावर मोटारीची पाठ दिसली की दुकानदार आबांचं तोंड दिसायच्या आधीच ओरडायचा, "आबा आलं!" आणि आधण ठेवायचा. मोटारी त्या रस्त्यानं आणखीही जायच्या, पण पाठमोरी येणारी एकच.

तिला गिअरचा दांडा नव्हता. पायाशी तीन पायडलं होती. डाव्यानं गाडी पुढं जायची, मधल्यानं मागं जायची, उजवं म्हणजे ब्रेक. पेट्रोल कमीजास्त करायला स्टिअरिंगच्या चाकाखाली एक लहान दांडी, ती हातानं ओढायची. आबांना वीस-बावीस वर्षं हेच माहीत होतं. दुसरी मोटार त्यांनी कधी चालवली नाही, आणि चालवावीशीही वाटली नाही.

लढाईत मी पलटणीत लॉरीवर होतो. इटलीच्या चिखलात लॉऱ्या चालवल्या, उघडल्या, जोडल्या. परत आलो तर मोटार गोठ्याशेजारी पोत्यांखाली झाकलेली. लढाईत पेट्रोल मिळेना, सुटे भाग मिळेनात, आणि इंजिनाचे बेअरिंग पार झिजलेले. उतारू आता कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसत होते. आबा मात्र रोज सकाळी पोती काढून गाडी पुसायचे आणि पुन्हा पोती घालायचे. ते बघून मला फार वाईट वाटलं. आमच्यात असलं काही बोलून दाखवायची पद्धत नाही, म्हणून मी म्हणालो, "आबा, हिला नवं इंजान बसवू."

आबांनी आधी गाडीवर पोतं ओढलं. मग म्हणाले, "बसीव. पर गाडी हीच ऱ्हाऊ दे."

सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे मोडीच्या लिलावातून, मोडक्या गाड्या उचलल्या होत्या. त्यातलं एक चार सिलिंडरचं इंजिन मी गिअरच्या डब्यासकट घेतलं. माधवनगरला गिरणीमागं एका मुसलमान मिस्त्रीचा लेथ होता. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. आमची मोटार गुळाच्या लॉरीला दोर बांधून तिथवर आणली. चाचांनी ती बघितली आणि म्हणाले, "म्हातारीला तरन्या पोराचं काळीज बसवायला लागलायस व्हय रं? झेपंल का तिला?"

झेपवलं. इंजिनासाठी चासीवर नवे आडवे पट्टे मारले. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. पेट्रोल ओढून घेणारा पंप नव्या इंजिनाला होताच. जुन्या गाडीचा पायब्रेक गिअरच्याच डब्यात असायचा. तो डबा गेला म्हणजे ब्रेकही गेला, म्हणून मागच्या चाकांना लष्करी गाडीचे ब्रेक बसवले. पायडलं मात्र जगाच्या रीतीनं लावली: डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे पेट्रोल. मला दुसरी रीत सुचलीच नाही, आणि सुचावी असं काही तेव्हा घडलंही नव्हतं.

आबा माधवनगरला आले आणि तिथंच शिकले. लोक समजतात तसं म्हाताऱ्या माणसाला नवं येत नाही, असं काही नसतं. डावा पाय दाबून दांडा ओढायचा, पाय हळू सोडायचा, हे चार-आठ दिवसांत त्यांना जमलं. गिअर टाकताना जीभ ओठांत धरायचे, एवढंच. मोकळ्या रस्त्यावर ते ब्रेकही बरोबर मधला दाबायचे, कारण आधी स्वतःशी पुटपुटायचे, "मधलं." मला ते ऐकू यायचं.

मग एका दुपारी, मी चाचांच्या दारातून बघत असताना, माधवनगरच्या रस्त्यावर जतकडच्या एका धनगराची मेंढरं आडवी आली. आबांना "मधलं" म्हणायला सवड मिळाली नाही. उजवा पाय उजव्या पायडलवर गेला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. त्यांनी चाक फिरवून मेंढरं वाचवली आणि गाडी कडेच्या कडब्याच्या गंजीत घुसवली. धनगरानं आधी कानडीत आणि मग, आम्हाला कळावं म्हणून, मराठीत शिव्या दिल्या. मी धावत जाऊन बघतो तर आबा कडब्याच्या पेंढ्यांत बसलेले, उजवं पायडल सगळा जोर लावून दाबून धरलेलं, इंजिन किंचाळतंय आणि मागची चाकं जागच्या जागी फिरतायत. गाडी थांबावी म्हणून ते अजून दाबतच होते.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आबा उतरले, टोपी झटकली आणि म्हणाले, "तूच चालीव."

मला राग आला. इतकं शिकलात, एवढंसं ते का जमत नाही, असं ओठांवर आलं होतं. नंतर पुष्कळ विचार केला आणि मला पटलं की यात शिकण्याचा प्रश्नच नव्हता. गिअर माणूस डोक्यानं टाकतो. ब्रेक भीतीनं लागतो. भीती विचारत बसत नाही, तिला एकच वाट ठाऊक असते, आणि आबांच्या भीतीची वाट उजव्या पायडलापाशी जात होती. डोकं नवं शिकलं, तरी भीती जुनीच राहते. इटलीत हे मी पलटणीतल्या पोरांच्या बाबतीत बघितलं होतं, पण घरच्या माणसात ते ओळखायला वेळ लागला.

गाडी वडूजला आणली आणि साताऱ्याच्या खेपा सुरू केल्या. चालवायचो मी. पहिल्या खेपेला आबा आले, पण पुढं बसले नाहीत. मागं दोन उतारूंच्या मधे, मांडीवर हात ठेवून बसले. परतताना घाट लागला. मी गाडी वळवली नाही. पंपानं पेट्रोल ओढलं, दुसऱ्या गिअरवर गाडी सरळ, तोंड वर करून चढली. खरं सांगतो, मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं.

माथ्यावर दुकानदार तसाच बसून होता. आधण नव्हतं. मी हाक मारली तेव्हा उठून आला, गाडीकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "आरं, ही तुमचीच व्हय? मला वाटलं कुनी सायब आला. आबा न्हाईत आता गाडीवर?"

"हाय की रं," मागून आबा म्हणाले. अगदी हळू.

त्या दिवसानंतर ते खेपेला आले नाहीत. सकाळी गाडी पुसायला मात्र उठायचे. मी गाडी बाहेर काढली की रस्त्याकडे पाठ करून शेळीला पाला घालत बसायचे. आईनं एकदा नुसतं एवढं म्हटलं, "त्यांचं जेवान कमी झालंया." त्यावर मी पानावरून उठलो आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन थेट माधवनगर गाठलं.

चाचांना सांगितलं, "उजवीकडचं पेट्रोलचं पायडल काढून टाका. ब्रेक मधनं काढून उजवीकडं आना. पेट्रोल चाकाखालच्या दांडीवर, हातात द्या, पयल्यासारखं."

चाचांनी हातातला स्पॅनर खाली ठेवला. "आरं, मी इथं लोकांच्या मोटारी सरळ करतो आनि तू वाकडी करून मागतोस? आशी गाडी हिंदुस्तानात दुसऱ्या कुनाला चालवता याची न्हाई. इकायची वेळ आली तर कोन घील?"

"इकायची न्हाई," मी म्हणालो.

मधल्या पायडलची जागा रिकामी राहिली. चाचांनी तिथलं भोक पत्र्यानं बुजवलं. परतीच्या वाटेवर मीच दोनदा नसलेल्या ब्रेकवर पाय आपटला. एकदा तर विट्याजवळ बैलगाडीला मागून धडकता धडकता वाचलो. मनात म्हणालो, बरं झालं, आता मला आबांचं कळेल.

घरी आल्यावर आबांना काही सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "आबा, बसून बघा जरा." ते बसले. पाय खाली सोडले. उजवा पाय आपोआप जिथं जायचा तिथं गेला आणि तिथं ब्रेक होता. त्यांनी दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग हात चाकाखाली घालून दांडी चाचपली. माझ्याकडे बघितलं नाही. आईला हाक मारून म्हणाले, "माझी टोपी दे गं आतली."

साताऱ्याचा बाजार झाला आणि परतताना गाडीवर आबा होते. मी शेजारी. मागं उतारू दाटीवाटीनं बसलेले. घाटाच्या पायथ्याला आबांनी गाडी थांबवली आणि मान वळवून म्हणाले, "धरून बसा." मग गाडी वळवायला लागले.

मी म्हणालो, "आवं आबा, आता पंप हाय. सरळ चढतीया ती."

"ठाव हाय मला."

"मग कशापायी वळवताय?"

त्यांनी मागं जायचा गिअर टाकला. जीभ ओठांत धरली होती, ती सोडवून म्हणाले, "सरळ गेली तर माथ्यावरचा त्यो च्यावाला म्हनंल, पोरगं चालवतंय."

मी हातब्रेकवर हात ठेवला होता तो काढून घेतला. मोटार मागच्या मागं एकेक वळण घेत चढत राहिली. खालचा रस्ता आमच्या समोर लांब लांब जात होता. उतारू हसत होते, एक म्हातारी देवाचं नाव घेत होती, आणि आबा मान मागं वळवून वरचा रस्ता बघत होते.

शेवटच्या वळणावर आमची तोंडं कुणाला दिसायच्या आधीच वरून आवाज आला, "आबा आलं!"

आबांनी उजवं पायडल दाबलं आणि दुकानासमोर गाडी उभी केली.