फोटोतून माणूस काढणारे गोपालराव

लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे नाक खाजवत उभा असलेला मामा निघाला, की अकोल्याच्या जठारपेठेतली माणसं गोपालराव गावंडेंची बेल वाजवत. गोपालराव त्या मामाला फोटोतून काढून टाकत. मामाच्या जागी मांडवाची झालर यायची, आणि तिच्या चुण्या अशा जुळायच्या की खुद्द मामालाही आपण कुठे उभे होतो ते सांगता आलं नसतं.

गोपालराव बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. तीस वर्षं त्यांनी पूल, शाळा, धर्मशाळांचे नकाशे काढले आणि त्या नकाशांवर मोठी सही दुसऱ्याची झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. सुरुवातीला सगळेच करतात तसं पहाटे उठून तलावावर पक्षी टिपायला गेले, पण बगळा सोडला तर त्यांच्यासाठी कुणी थांबेना. मग एकदा त्यांनी पातूरच्या लेण्यांचे फोटो काढून आणले. फोटोत विजेची तार, कुरकुऱ्यांची पाकिटं, भिंतीवर खडूनं लिहिलेली प्रेमिकांची नावं, सगळं आलं होतं. चार दिवस कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी एकेक गोष्ट पुसली. अमरावतीच्या फोटो क्लबात तो फोटो पडद्यावर लागला तेव्हा वीस-पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात त्यांच्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. त्यांची चटकच लागली म्हणा ना! दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गोपालराव सकाळच्या बसने अमरावतीला निघू लागले.

एवढ्या बारीक नजरेच्या माणसाला एक गोष्ट मात्र कधी जमली नाही. पातूरजवळच्या गावात शेती सांभाळणारे त्यांचे थोरले भाऊ किसनराव काही बोलले, की साठी उलटलेल्या गोपालरावांची मान आपोआप होकारात हलायची.

दर भादव्यात किसनरावांच्या घरी महालक्ष्म्या बसत. जेवणं उरकली की सगळं गावंडे घराणं महालक्ष्म्यांपुढे उभं राही. गोपालराव टायमर लावून धावत जाऊन कडेला उभे राहात. तो फोटो मोठा करून बैठकीत लागे. मागच्या भादव्यातल्या फोटोत त्यांची एकुलती एक लेक पौर्णिमा अगदी मधोमध होती, मोकळे केस, आई सीमाचा हात तिच्या खांद्यावर.

माघात पौर्णिमेनं अमरावतीत ती शिकवायची त्याच शाळेतल्या मास्तराशी लग्न केलं, कोर्टात. मुलगा भला होता, जात वेगळी होती. किसनरावांनी तिला घराची पायरी बंद केली. गोपालरावांनी मान हलवली.

चैत्रात किसनरावांच्या लेकीला, रागिणीला, स्थळ आलं. पाहुणे बघायला येण्याच्या आधी किसनराव भिंतीवरचा फोटो घेऊन थेट अकोल्यात हजर झाले.

"पाहुने बैठकीत बसतीन, मंग फोटो पायतीन. हे पोरगी कोन, कुठं देली, इचारतीन. काय सांगू मी त्याईले? काढ इले."

"दादा, फोटो उतरवूनच ठेवा ना."

"भिंतीवर चौकोन दिसते बाप्पा, पांढरा! आन तुले काय जड हाय? तार काढतं, खांब काढतं, एक पोरगी काढाले काय होते तुले?"

सीमा चहा घेऊन आली होती. कप ठेवून ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली. गोपालरावांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "पाहातो दादा."

पहिल्या दुपारी हात खरंच चालेना. पौर्णिमेच्या चेहऱ्यावर माऊस नेला की ते तो परत कडेला आणत. मग त्यांनी चेहरा सोडला आणि पायांकडून सुरुवात केली. फरशी जुळवली, सावली घालवली, शेजारच्या रागिणीच्या साडीचा काठ वाढवून पुढे आणला. दुसऱ्या दुपारी फोटो तिप्पट मोठा केल्यावर तिथे पौर्णिमा उरलीच नव्हती, नुसते रंगाचे ठिपके होते. आणि आता सांगायची ती लाजेची गोष्ट. गोपालराव गुणगुणायला लागले होते. काम साधत होतं, आणि काम साधत असलं की या माणसाला जगाचा विसर पडायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी सीमाला मोठ्या हौसेने हाक मारली.

सीमानं बराच वेळ फोटो बघितला. "हा हात कोनाचा हाय?"

"तुयाच हाय. दोन सालाआधीच्या फोटोतला घेतला. त्याच्यात तू ताट धरून होती."

ती आत गेली. आपलं काम तिला कळलं नाही असं गोपालरावांना वाटलं.

पाहुणे आले, फोटो बघितला, पोरगी पसंत केली. सुपारी फुटल्यावर मुलाचा बाप हसत हसत म्हणाला, "तुमच्या पुतनीचं आमाले आधीच मालूम होतं. आमच्या भाच्यानंही तसंच केलं. आता कोन पायते हो!" किसनरावही त्याच्यासोबत हसले. काम झालं होतं, आता मोठं मन दाखवायला काही खर्च नव्हता. त्यांनी गोपालरावांच्या पाठीवर थाप मारली. "अवंदा महालक्ष्म्याईले बोलाव पोरीले. जावयालेही आन."

सीमाचे डोळे भरून आले. तिनं त्याच दिवशी फोन केला. पौर्णिमा आधी रडली, मग येते म्हणाली. सीमानं तिच्यासाठी साडी आणली आणि जावयाला गोड काय आवडतं ते दोनदा विचारून घेतलं. गोपालरावांनाही आनंद झाला होता. त्यांनी नवी लेन्स पुसून ठेवली.

पण आषाढात ते क्लबात गेले होते. त्या रविवारी विषय होता, 'फोटोतून माणूस काढणे'. गोपालरावांना राहवलं नाही. त्यांनी पडद्यावर आधी मूळ फोटो लावला, मग आपला. सभागृहात "अरे वा" झालं. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं आणि क्लबाच्या पानावर टाकलं. ते फिरत फिरत श्रावणाच्या शेवटी पौर्णिमेच्या मैत्रिणीकडे, अदितीकडे पोचलं, आणि अदितीकडून पौर्णिमेकडे.

तिचा फोन दुपारी आला. सीमा भाजी निवडत होती. फोन गोपालरावांनी घेतला, स्पीकरवर.

"बाबा, मोठ्या बाबानं तुमाले सांगतलं असन. तुमाले नाई म्हनता येत नाई, थे मले लहानपनापासून मालूम हाय. त्याचा राग नाई मले."

"बाई, आयक..."

"तिथं एकानं इचारलं, हे कोन हाय. तुमी काय सांगतलं, आठोते काय?"

गोपालरावांना आठवत होतं. नात्यातली एक पोरगी हाय, असं ते म्हणाले होते.

"मंग इचारलं, कठीन काय होतं. तुमी म्हनले, केस. मोकळ्या केसाचा लय तरास होते, एक एक पुसा लागते. सगळे हसले. तुमीही हसून राहिले होते, बाबा. मी थे दहा डाव पायलं. इतके खुश मी तुमाले कधीच पायलं नव्हतं. माह्या जन्मात नाई."

गोपालरावांनी फोन तोंडाजवळ नेला. माफ कर म्हणायचं होतं, जन्मभरात एकदा तरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "ओरिजिनल ठेवला हाय मी. पाठवू काय?"

फोन बंद झाला.

सीमानं सगळं ऐकलं होतं. तिनं निवडलेली भाजी तशीच परातीत ठेवली. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी साडीचा बॉक्स आणि स्वतःची पिशवी घेऊन ती अमरावतीला निघाली. दारात म्हणाली, "माह्या लेकीजवळ चालली. मले बोलवाले येऊ नका."

गोपालराव एकटेच गावी गेले. जेवणं झाली, सगळे उभे राहिले. किसनरावांनी रांगेवर नजर फिरवली. "सीमा काहून नाई आली?"

"पौर्णिमाकडं गेली."

"घ्या! रागिणीच्या सासरचे येतीन तं इचारतीन ना. जाऊ दे, मंधात जागा ठेव आन जुन्या फोटोतली सीमा बसवून दे तिथं. तुले तं येते सगळं."

एकदा, फक्त एकदा, गोपालरावांच्या ओठांवर नाही आलं होतं. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि कुण्या धाकट्या सुनेनं कौतुकानं म्हटलंही, "काकाजीच्या हातात जादू हाय."

"जरा सरका," गोपालराव म्हणाले. "एक मानूस मावन एवढी जागा सोडा."

दुसऱ्या दुपारी जठारपेठेतल्या रिकाम्या घरात त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि सीमाचा बरासा फोटो शोधायला बसले. चार वर्षांचे फोटो त्यांनी पालथे घातले. एकटीच्या प्रत्येक फोटोत सीमा ओठ मिटून कॅमेऱ्याकडे बघत होती, कधी एकदाचं संपतं अशी. हसत होती ती फक्त पौर्णिमेसोबतच्या फोटोंत, आणि त्या सगळ्यांत पोरगी तिच्या गळ्यात पडलेली, गालाला गाल लावलेली. वेगळी अशी एकातही नव्हती.

गोपालरावांनी त्यातला एक निवडला, तिप्पट मोठा केला, आणि आधी पोरीला काढायला घेतलं.