सात धड्यांचा आवाज

हेमा सरपोतदारांनी सत्तावीस वर्षं रत्नागिरीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद झाल्यावर त्यांना नुसतं घरी बसवेना, म्हणून अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका लहानशा मंडळाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. धड्यांचा मजकूर आणि आवाजाच्या फाइली गिट नावाच्या प्रणालीत ठेवलेल्या असत. कोणी कधी काय बदललं याची नोंद त्यात राहते आणि जुनी प्रत परत काढता येते. हेमाताई साठाव्या वर्षी ते शिकल्या, एकेक आज्ञा वहीत उतरवून घेत.

त्यांचा संगणक लिनक्सवर चालायचा, मंडळातल्या देवरूखच्या मनस्विनीचा लॅपटॉप विंडोजवर. ओळ संपल्याची खूण विंडोज दोन चिन्हांनी करतं, लिनक्स एकाच. त्यामुळे मनस्विनीने एक वेलांटी सुधारली तरी हेमाताईंना अख्खा धडा बदललेला दिसायचा. हे त्यांना सोसवेना. छापखान्यातला त्यांचा शिरस्ता असा, की एकदा नियम ठरला म्हणजे पुस्तकभर तोच. त्याच शिरस्त्याने त्यांनी गिटला एका ओळीत सांगून टाकलं : सगळ्या फाइली मजकूर समज आणि ओळीची खूण एकेरी ठेव. त्या ‘सगळ्यां’त आवाजाच्या फाइलीही आल्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

महिन्याभराने एका गुरुवारी सकाळी उर्वीचा फोन आला. ही बारावीची मुलगी, जन्मापासून अंध, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

“मावशी, अकराव्या धड्यात अण्णा मधेच पत्रा घासल्यासारखे वाजतात. जरा नीट, मग खर्रर्र, मग परत नीट.”

“तुझा हेडफोन बघ गो.”

“दोन बदलून झाले. बाराव्यातही तेच.”

हेमाताईंनी ऐकलं. अकरा ते सतरा, सातही धडे तसेच. कारण कळायला वेळ लागला नाही. आवाजाच्या फाइलीत ओळी नसतातच. पण ती दोन चिन्हं तिथेही योगायोगाने शेजारी येतात, आणि तिथे ती आवाजाचाच भाग असतात. गिटने ती ओळीची खूण समजून प्रत्येक जोडीतलं एक चिन्ह गाळलं होतं. हे सात धडे नियमानंतरच भरलेले, त्यामुळे गिटच्या साठ्यात गेली तीच प्रत अशी. परत काढायला जुनी प्रतच नव्हती.

आणि अण्णांना आता आवाज नव्हता. अण्णा म्हणजे चिंतामणी आठल्ये, मनस्विनीचे सासरे. चाळीस वर्षं गावच्या उत्सवात नाटकं केलेला माणूस. घशाच्या शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यात, “डॉक्टरने सुरी लावायच्या आत उरकू या,” म्हणत रोज एक असे सात धडे त्यांनी वाचले होते. ध्वनिमुद्रण यंत्राचं कार्ड लगेच पुसून पुढच्या कामाला लावायची मंडळाची रीत.

मूळ फाइली असल्याच तर मनस्विनीच्या लॅपटॉपवर. साठ्यात भरताना गिट मुळाला हात लावत नाही. पण मंगळवारी हेमाताईंनीच तिला कळवलं होतं, “तुझ्याकडे अजून जुन्या खुणा दिसतायत. तो फोल्डर काढून टाक नि सगळं नव्याने उतरवून घे.”

मनस्विनी कॉलेजात पर्यवेक्षणावर होती, फोन बंद. त्यांनी तिच्या घरी लावला.

“अण्णा, मी हेमा. ऐकू येतंय?”

टक्. फोनवर नखाने एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. शस्त्रक्रियेनंतर त्या घरात हे ठरूनच गेलं होतं.

“लॅपटॉप घरी आहे? उघडा. ‘धडे’ फोल्डरवर तारीख आजची आहे?”

टक्.

म्हणजे तिने सांगितल्याबरहुकूम केलं होतं.

“कचऱ्याच्या डब्याचं चित्र उघडा. त्यात जुना ‘धडे’ दिसतो?”

पलीकडे माउसची खटखट झाली. मग टक्.

“परत आणू नका! आधी नव्याचं नाव बदला, नाहीतर एकात एक मिसळतील. बदललंत? आता आणा. अकराव्या धड्याचा आकार बघा. शेवटचे चार आकडे वाजवा, सावकाश.”

त्यांच्या बिघडलेल्या फाइलीचे शेवटचे आकडे होते तीन, एक, एक, आठ. मूळ फाइल त्याहून मोठीच असणार.

टक्, टक्, टक्. तीन. इकडेही तीनच.

टक्.

हेमाताईंनी डोळे मिटून घेतले.

पण आकडा तिथे थांबला नाही. टक्, टक्… त्यांनी बोटं मोडत मोजलं. सात! पुढे चार, मग सहा.

“अण्णा, आता कशालाही हात लावू नका. मी येते.”

दुपारच्या एस्टीने त्या देवरूखला पोचल्या. अण्णा पाटी घेऊन ओसरीवरच बसले होते. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘माझा आवाज कचऱ्यात टाकवलास होय गं?’

“हसू नका. सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या.”

अण्णांनी चहाचा कप पुढे सरकवला. हेमाताईंनी आधी सातही फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या, मग आवाजाच्या फाइलींना नियमातून वगळलं. तरी जिवाला चैन पडेना. सगळे धडे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचेच, असं त्यांनी ठरवलं. अण्णांनीही खुर्ची जवळ ओढली. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी स्वतःला ऐकलं नव्हतं.

आवाज भरदार होता, कुठेही न खरखरता चालला होता. तेराव्या धड्यात अण्णांनी अचानक हात वर केला. हेमाताईंनी धडा थांबवला. अण्णा पाटीवर लिहीत होते.

‘इथे घाई केली मी. परत वाचायला हवं होतं.’

हेमाताईंनी पाटी वाचली, मान हलवली आणि धडा पुढे चालू केला.